बार गल्लीत येण्याआधी: परवाना कोण देतं आणि जागा कोण ठरवतं?

मार्च संपत आला की इंदूरच्या कुठल्या ना कुठल्या वस्तीत कुजबुज सुरू होते: आपल्या कोपऱ्यावर कलाली (दारूचा गुत्ता) येणार म्हणे. कोणी सांगतं दुकान, कोणी सांगतं बार, कोणी म्हणतं रेस्टॉरंट आहे फक्त, उगाच घाबरू नका. एक एप्रिलला शटर वर जातं तेव्हा खरं काय ते कळतं. मग धावाधाव. अर्धी मंडळी पार्षदाकडे म्हणजे नगरसेवकाकडे, अर्धी ठाण्यात, काही नगर निगमच्या म्हणजे महापालिकेच्या झोन ऑफिसात. सगळीकडे उत्तर एकच, हे आमच्याकडे येत नाही. आणि बहुतेक वेळा ते उत्तर खरं असतं.

घोळ इथेच आहे. दारू देणाऱ्या जागेला परवानगी देणारी कचेरी एक नाही. दारू विकायची की नाही, कोणी, किती वाजेपर्यंत, हे आबकारी विभाग बघतो. त्या इमारतीत, त्या रस्त्यावर असा धंदा बसतो का, हा जमिनीच्या वापराचा प्रश्न आहे आणि तो शहराचा विकास आराखडा, नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालय आणि नगर निगम यांच्याकडे जातो. गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेशात नियम बदलले ते जवळजवळ सगळे आबकारीच्या बाजूने बदलले. शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकायची थोडीफार सोय आहे ती मात्र दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू समजल्या नाहीत तर माणूस वर्षभर चुकीच्या खिडकीपुढे उभा राहतो.

आधी आबकारी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेयं राज्यसूचीत आहेत, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे १९१५ चा मध्य प्रदेश आबकारी अधिनियम चालतो. दारूचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे सरकार अटी घालू शकतं, अंतर वाढवू शकतं, अख्ख्या गावातली विक्री बंद करू शकतं. आबकारीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं आणि धोरण त्याच्या थोडं आधी मंत्रिमंडळात ठरतं. एप्रिलमध्ये अचानक दुकानं सरकतात, बोर्ड बदलतात, ते यामुळे. आबकारी आयुक्तांची कचेरी भोपाळला नाही, ग्वाल्हेरला आहे. इंदूर जिल्ह्यापुरतं काम सहायक आबकारी आयुक्तांकडे असतं आणि त्यांच्यावर कलेक्टर.

परवान्यांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण तक्रारीत चुकीचा प्रकार लिहिला की अर्ज तिथेच अडकतो. बाटली विकत घेऊन घरी न्यायची ते दुकान, त्याचा परवाना वेगळा. २०२२-२३ पासून देशी आणि विदेशी एकाच दुकानात मिळते. बसून प्यायची जागा असेल तर रेस्टॉरंटला एफएल-२, हॉटेलला एफएल-३, क्लबला एफएल-४. लग्नात किंवा पार्टीत एका दिवसापुरती परवानगी काढतात ती एफएल-५. समोरची जागा यातली कोणती, हे पहिल्यांदा शोधायचं.

आता बदल. सर्वांत मोठा २०२३ चा. उमा भारतींनी दारूबंदीसाठी बराच आवाज उठवला होता, विधानसभेची निवडणूक समोर होती, आणि फेब्रुवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले सगळे अहाते आणि शॉप बार बंद. अहाता म्हणजे दुकानाला लागून असलेली बसायची जागा. बाटली शेजारी घ्यायची आणि तिथेच संपवायची. त्याच निर्णयात शाळा-कॉलेजं, मुलींची वसतिगृहं आणि देवळं-मशिदींसारखी धार्मिक ठिकाणं यांच्यापासून दुकानाचं किमान अंतर ५० मीटरवरून १०० मीटर केलं.

अहात्यांच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना हा निर्णय मोठा दिलासा होता आणि मला तो आजही बरोबर वाटतो. अहात्यासमोरून संध्याकाळी मुलीला क्लासला पाठवताना आईच्या मनात काय येतं, ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. पण प्यायची जागा बंद झाली म्हणून प्यायचं बंद होत नाही. दुकानातून बाटली घेतलेला माणूस घरी गेला नाही तर जवळच्या गाडीत, बंद दुकानाच्या पायरीवर, मैदानाच्या कडेला बसतो. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, पण तो पकडायला पोलीस लागतात आणि रात्री दहा वाजता प्रत्येक कोपऱ्यावर पोलीस नसतात. म्हणून अशा वस्तीची तक्रार आबकारीकडे नाही, ठाण्याकडे जायला हवी. दुकानदाराचा परवाना त्याच्या ओट्यापलीकडच्या पायरीवर चालत नाही.

हा १०० मीटरचा निर्णय दुकानांबद्दल होता. लोक तो प्रत्येक बारला लावतात, टेप घेऊन मोजतात, अर्ज करतात आणि अर्ज फेटाळला गेला की पैसे खाल्ले असं म्हणतात. रेस्टॉरंट बार असेल तर आधी त्याच्या परवान्याच्या अटी मागवा, त्यांत अंतर काय लिहिलंय आणि ते कुठून कुठे मोजायचं सांगितलंय ते वाचा, मग टेप काढा.

दुसरा मोठा बदल १ एप्रिल २०२५ चा. महेश्वरला अहिल्यादेवींच्या राजधानीत २४ जानेवारी २०२५ ला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मुख्यमंत्री मोहन यादव यांनी धार्मिक गावांमध्ये दारूविक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एकूण १९ ठिकाणं: एक महानगरपालिका म्हणजे उज्जैन, सहा नगरपालिका, सहा नगर परिषदा आणि सहा ग्रामपंचायती. ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, ओरछा, मैहर, चित्रकूट, दतिया, पन्ना, मंडला, मुलताई, मंदसौर, अमरकंटक ही त्यातली ठळक नावं. तिथली दुकानं दुसरीकडे हलवायची नाहीत, बंदच करायची, असंही ठरलं. नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आत दुकान नको, हे आधीपासूनच होतं. तेही कायम राहिलं.

उज्जैनला आपली नेहमीची ये-जा असते म्हणून एक फरक सांगायला हवा. ही बंदी विकण्यावर आहे, दुकानावर आणि बारवर. बिहारमध्ये २०१६ पासून किंवा गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून पिणं आणि बाळगणं हाच गुन्हा आहे, तसा कायदा मध्य प्रदेशात नाही. बडोद्याचे नातेवाईक इंदूरला येतात तेव्हा आणि आपण बडोद्याला जातो तेव्हा हा फरक विसरून चालत नाही. गुजरातच्या हद्दीत सामानात बाटली सापडली तर ‘आमच्याकडे चालतं’ हे उत्तर चालत नाही.

त्याच तारखेला, त्याच २०२५-२६ च्या धोरणात, उलट दिशेचा एक निर्णयही आला: कमी अल्कोहोलचे बार. तिथे फक्त बिअर, वाइन आणि तयार मिश्र पेयं, तीही जास्तीत जास्त १० टक्के अल्कोहोलची. व्हिस्की, रम, व्होडका तिथे मिळत नाही. सरकारचा विचार असा दिसतो की अहाते बंद झाल्यावर बसून प्यायला कायदेशीर जागा कमी उरली, तर सौम्य पेयांपुरती ती द्यावी. विचार टाकाऊ नाही. पण ज्या इमारतीत आत्तापर्यंत फक्त जेवण मिळायचं तिथे आता बिअर मिळणार असेल, तर रात्री अकरा वाजता रस्त्यावर किती गाड्या उभ्या राहतील हा प्रश्न पेयात १० टक्के आहे की ४२ टक्के यावर ठरत नाही. तो प्रश्न जागेचा आहे. आबकारीच्या कागदावर त्याला रकाना नाही.

आता महामार्गाची गोष्ट, कारण अंतराच्या नियमाचं बळ आणि मर्यादा दोन्ही तीत दिसतात. दारू पिऊन गाडी चालवल्याने होणाऱ्या अपघातांवरून सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून दारूविक्री नको. आदेश दुकानांनाच की बारनाही, यावर वाद झाला. ३१ मार्च २०१७ ला, म्हणजे अंमलाच्या आदल्या दिवशी, न्यायालयाने सांगितलं की बार आणि रेस्टॉरंटही त्यात येतात. २० हजार किंवा कमी लोकवस्तीच्या गावांत अंतर २२० मीटर.

त्यानंतर देशभर पळवाटा निघाल्या. काही राज्यांनी शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून त्यांना साधे रस्ते करून टाकलं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूरच्या एका बारने स्वतःच्या आवारात भिंतींची वळणावळणाची वाट बांधली, म्हणजे दारापासून आत जाईपर्यंत माणसाला एवढं चालावं लागेल की महामार्गापासूनचं अंतर नियमात बसेल. बार तिथेच राहिला, रस्ता तिथेच राहिला, मोजपट्टी तेवढी लांबली. शेवटी ११ जुलै २०१७ ला चंदीगडच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीचा आदेश महापालिका हद्दीतल्या परवानाधारक जागांना अडवत नाही.

इंदूरला याचा अर्थ थेट लागतो. जुना आग्रा-मुंबई रस्ता शहराच्या पोटातून जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना विजय नगरपर्यंत आणि पुढेही हॉटेलं, पब, बार आहेत. महापालिकेच्या हद्दीत त्यांना ५०० मीटरची भीती राहिली नाही. हद्दीबाहेर मात्र प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने राज्यांना मुभा दिली की एखादा ग्रामपंचायतीचा भाग पुरेसा विकसित आहे का ते ठरवून सूट द्यावी. बायपासच्या पलीकडे जिथे काल शेत होतं आणि आज टाऊनशिप आहे, तिथे प्लॉट घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू, जमिनीची. हिच्याकडे लोक वळतच नाहीत आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं.

मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा. त्याखाली शहराची विकास योजना बनते, जिला आपण मास्टर प्लॅन म्हणतो. शहराचा प्रत्येक तुकडा तीत रंगवलेला असतो: निवासी, वाणिज्यिक, सार्वजनिक, मिश्र वगैरे. ‘इंदूर विकास योजना २०२१’ ही २००८ पासून लागू आहे. नावातलं वर्ष मागे पडलं तरी नवी योजना लागू होईपर्यंत जुनीच चालते. म्हणजे आज आपल्या गल्लीत काय चालेल हे ठरवणारा कागद स्मार्टफोन घरोघरी येण्याआधीचा आहे. त्याच्याबरोबर २०१२ चे भूमी विकास नियम आहेत. इमारतीचा नकाशा, पार्किंग, जिने, बाजूला सोडायची जागा हे त्यातून ठरतं.

समजा, सुदामा नगरात कोपऱ्यावर दुमजली बंगला आहे. मालकाने खालचा मजला भाड्याने दिला, भाडेकरूने तिथे रेस्टॉरंट काढलं, वर्षभराने बार परवान्यासाठी अर्ज केला. आबकारीने कागद बघितले, अटी पुऱ्या झाल्या, परवाना मिळाला. तेवढ्याने निवासी नकाशावर बांधलेला मजला वाणिज्यिक होतो का? नाही. दोन्ही परवानग्या आपापल्या कायद्याने उभ्या असतात, एक दुसरीची जागा घेत नाही. नकाशा मंजूर झाला तेव्हा वापर काय लिहिला होता, तो नंतर बदलून घेतला का, पार्किंग दाखवलेल्या जागी गाड्या उभ्या राहतात की टेबलं लागली आहेत, हे निगमला विचारता येतं, आणि तिथे ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर देता येत नाही. बारला विरोध म्हणून गेलात तर हात वर होतील. वापरबदल म्हणून गेलात तर फाइल उघडावीच लागते.

मालकाने एखाद्या तुकड्याचा रंगच बदलून मागितला, म्हणजे योजनेतच फेरफार, तर तो अधिनियमाच्या कलम २३-क खाली राज्य सरकार करतं. त्याची सूचना दोन दैनिकांत सलग दोन दिवस छापावी लागते आणि हरकतीसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात. ती जाहिरात बारीक अक्षरात, खसरा नंबरांनी (जमिनीच्या सर्व्हे नंबरांनी) भरलेली असते. वसाहतीच्या रहिवासी संघात कोणी निवृत्त तलाठी, बँकवाले किंवा वकील असतील तर त्यांना एवढं एकच काम द्यावं, अशा जाहिराती वाचायचं.

इमारतीच्या सुरक्षिततेकडे मी रुची-अरुचीच्या पलीकडे बघतो. राष्ट्रीय इमारत संहितेत रेस्टॉरंट, नाचघरं, नाट्यगृहं ही सगळी ‘लोक जमण्याच्या इमारती’ या एका वर्गात येतात, कारण तिथे अनोळखी जागेत बरीच माणसं एका वेळी असतात आणि बाहेर पडायची वाट त्यांना माहीत नसते. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जण गेले. तिथे आलेली काही माणसं वाढदिवस साजरा करत होती. गच्ची नकाशावर मोकळी दाखवायची आणि वर छत, पडदे, स्वयंपाकघर उभं करायचं, ही गोष्ट इंदुरातही दिसते. अशा ठिकाणी आपली मुलं जातात. त्यांच्यासाठी तरी दुसरा जिना आहे का आणि अग्निशमनाचं प्रमाणपत्र चालू आहे का हे विचारलं पाहिजे.

दुसरीकडे हे कसं केलं गेलं, थोडं बघू. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न जिथे आहे तिथे, १९९८ चा दारू नियंत्रण कायदा परवान्याचं बघतो; पण जागेच्या नियोजन परवानगीसाठी त्यांच्या नियोजन नियमांत स्वतंत्र कलम ठेवलं गेलं. परवानगी देताना विचारायचे प्रश्न त्यात लिहून दिले: किती वाजेपर्यंत, किती माणसं, आसपासच्या वस्तीच्या स्वास्थ्यावर काय परिणाम, आणि त्या भागात आधीच अशा जागा किती, म्हणजे सगळ्यांचा मिळून भार केवढा. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे कोणीच विचारत नाही. एका बारला विरोध नसतो. एका रस्त्यावर सात झाले की रस्त्याचं रूपच बदलतं, आणि आपल्या पद्धतीत प्रत्येक अर्ज एकटाच तपासला जातो.

इतकं लांब जायचीही गरज नाही. इथून जवळच्या झाबुआ जिल्ह्यात ग्रामसभेला हा अधिकार आहे. मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ ला पेसा नियम, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारे नियम, लागू केले. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात नवं दारूचं दुकान ग्रामसभेच्या संमतीशिवाय उघडता येत नाही. महाराष्ट्रात प्रभागातल्या बायकांना मतदानाने दुकान बंद करता येतं, ती उभी बाटली-आडवी बाटली आपल्या मावश्या-आत्यांकडून ऐकलेली असते. झाबुआच्या पाड्यातल्या बाईला विचारलं जातं आणि इंदूरच्या वॉर्डातल्या बाईला विचारलं जात नाही, हे मला पटत नाही. निदान परवाना देण्याआधी महिनाभर त्या जागेच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लागावी: इथे अमुक प्रकारचा परवाना मागितला आहे, हरकत इथे नोंदवा. यात धंदा करणाऱ्याचंही भलं आहे. आपलीच कितीतरी तरुण मुलं कर्ज काढून रेस्टॉरंट थाटतात. सजावटीवर पैसे लागल्यावर लोक रस्त्यावर उतरण्यापेक्षा आधीच नाही म्हटलेलं परवडतं.

वेळेबद्दलचा गोंधळही मोठा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंदूरच्या बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गाच्या, ११.४५ किलोमीटर पट्ट्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये ती काढून घेतली. दारूची दुकानं आणि बार त्या मुभेत नव्हतेच.

मग आज हातात काय आहे? रात्रीचा आवाज हे सर्वांत चालणारं साधन. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. वाणिज्यिक भागात रात्री ५५, दिवसा ६५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवला असेल तर रात्री ४०. यासाठी बारला विरोध आहे की नाही हे सांगावंच लागत नाही. तक्रार सीएम हेल्पलाइनच्या १८१ वर नोंदवा, नंबर लिहून ठेवा, आणि सुटली नसताना ‘समाधान झालं’ म्हणायला फोन आला तर हो म्हणू नका. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. तिथे घोळक्याने घोषणा देत जाण्यापेक्षा दोघा-तिघांनी कागद घेऊन जावं.

कागद मिळवायचा रस्ता माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. आबकारीला विचारा: परवान्याचा प्रकार, मंजूर जागेचा नकाशा, अंतराच्या पाहणीचा अहवाल. निगमला वेगळ्या अर्जात विचारा: मंजूर इमारत नकाशा, त्यावर लिहिलेला वापर, पार्किंगची संख्या, अग्निशमन प्रमाणपत्राची तारीख. दोन्ही कचेऱ्यांचे नकाशे शेजारी ठेवले की जिथे एकावर पार्किंग आणि दुसऱ्यावर बसायची जागा दिसते, तिथे बोट ठेवून अर्ज लिहायचा. परवान्याचं वर्ष मार्चअखेर संपतं, उत्तराला महिना लागतो, अपिलात गेलं तर आणखी. म्हणून हे अर्ज डिसेंबरात टाकलेले बरे.